क्लॉज काढून टाका म्हणणाऱ्यांना

आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेल्या आठवड्यात चुलतभावाने, म्हणजे दादाने, एक लांबलचक मेसेज टाकला आणि तेव्हापासून माझं डोकं फिरलंय. त्याचं म्हणणं असं की दहावीच्या इंग्रजीतून ते नाउन क्लॉज, अ‍ॅडजेक्टिव्ह क्लॉज, अ‍ॅडव्हर्ब क्लॉज म्हणजे मोठ्या वाक्यात जोडलेली उपवाक्यं, सगळं हाकलून द्या, खुद्द इंग्लंडात कुणी हे शिकत नाही, तिकडची माणसं छोटी छोटी सोपी वाक्यं बोलतात, साहेब गेला तरी आपणच त्याचं ग्रामर उराशी धरून बसलोय. खाली अंगठ्यांची रांग. आणि एका काकांची ओळ, "आता कॉव्हेंट्रीवाल्या बाई बोलतील." इंग्लंडात कॉव्हेंट्रीला राहणारी ती बाई मीच. बोलणारच.

इंग्लंडात शिकत नाहीत हे साफ खोटं आहे. २०१४ पासून लागू झालेल्या अभ्यासक्रमात इयर टूच्या, म्हणजे सहा-सात वर्षांच्या पोरांनाच व्हेन, इफ, दॅट, बिकॉज लावून वाक्यं जोडायला शिकवतात आणि सबऑर्डिनेशन (मुख्य वाक्याला उपवाक्य जोडणं) हा शब्द तिथे सरळ छापलेला आहे. इयर फोरला फ्रंटेड अ‍ॅडव्हर्बियल (कधी, कुठे, कसं सांगणारा भाग वाक्याच्या सुरुवातीला आणणं), इयर फाइव्हला रिलेटिव्ह क्लॉज (आपलं 'जो-तो') आणि इयर सिक्सच्या सॅट्समध्ये, म्हणजे प्राथमिक शाळेच्या शेवटच्या सरकारी परीक्षेत, २०१३ पासून ग्रामरचा वेगळा पेपर. माझी मुलगी इयर फोरला आहे, मी रोज बघतेय.

यावर दादाने लगेच ती जुनी बातमी पाठवली. २०१६ च्या मे महिन्यात इथले शाळाखात्याचे मंत्री निक गिब यांना बीबीसी रेडिओवर विचारलं होतं की 'जेवण झाल्यावर मी सिनेमाला गेलो' अशा अर्थाच्या इंग्रजी वाक्यातला 'आफ्टर' प्रिपोझिशन (नामाआधी येणारा शब्द) की सबऑर्डिनेटिंग कन्जंक्शन (क्लॉज जोडणारा शब्द). ते प्रिपोझिशन म्हणाले आणि चुकले, कारण 'आफ्टर'च्या पुढे अख्खा क्लॉज होता. बरं मग? मंत्र्यांना नाव ओळखता आलं नाही, पण असलं वाक्य ते लहानपणापासून बरोबरच बोलत आलेत. क्लॉजला नाव देता येणं वेगळं आणि क्लॉज बोलता येणं वेगळं, आणि दादाला पहिल्याचा राग आहे म्हणून तो दुसरंही फेकून द्यायला निघालाय, हे मला सहन होत नाही.

आता ती 'छोटी सोपी वाक्यं'. मी फार्मसीत दिवसभर काउंटरवर उभी असते, लोक काय बोलतात ते माझ्या कानावर पडतंच. औषधाची पिशवी देताना माझी सहकारी म्हणते, "इफ यू कुड जस्ट कन्फर्म युअर अ‍ॅड्रेस फॉर मी." संपलं वाक्य. मुख्य वाक्य नाहीच, नुसता इफचा क्लॉज, आणि तीच विनंती. जीपीच्या, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरच्या, रिसेप्शनलाही तेच, "इफ यू वुड लाइक टू टेक अ सीट." गिऱ्हाईक येतं ते "आय वॉज वंडरिंग इफ यू हॅड" करत येतं. औषध आलेलं नसलं तर आम्ही 'इट इज नॉट रेडी' म्हणत नाही, "आय डोंट थिंक इट्स रेडी येट" म्हणतो, त्यात थिंकच्या पुढे क्लॉज आहे, फक्त 'दॅट' गळलाय. आणि म्हाताऱ्या बायका डॉक्टरबद्दल सांगतात, "ही नेव्हर रँग मी बॅक, विच इज फाइन, बट", तो 'विच' एका नामाला नाही, आधीच्या सगळ्या वाक्याला चिकटलेला. ही शोभेची भाषा नाही, इथला शिष्टाचारच या क्लॉजमध्ये आहे. "गिव्ह मी युअर अ‍ॅड्रेस" ग्रामरने शंभर टक्के बरोबर आहे, कुणी तुम्हाला दुरुस्त करणार नाही, फक्त समोरचा चेहरा जरा आक्रसतो आणि पुढच्या वेळी ते गिऱ्हाईक दुसऱ्या काउंटरला जातं.

आणि लिहिलेल्या इंग्रजीचं बघा. औषधाच्या खोक्यात पेशंटसाठी जो कागद असतो त्यात तुम्हाला अ‍ॅलर्जी असेल तर घेऊ नका, गरोदर असाल तर डॉक्टरांना सांगा, असं सगळं इफ लावून लिहिलेलं असतं, कारण तो कागद माणसाशी बोलतो. त्याच औषधाचा आम्हा फार्मसिस्टांसाठीचा दस्तऐवज उघडला की तीच गोष्ट अशी येते, "हायपरसेन्सिटिव्हिटी टू द अ‍ॅक्टिव्ह सबस्टन्स." क्लॉज गायब, क्रियापदसुद्धा नाही, नुसती नामांची माळ. म्हणजे जड लेखी इंग्रजीत क्लॉज जास्त आणि बोलण्यात कमी, ही घरी सगळ्यांनी धरलेली समजूत बऱ्याच अंशी उलटीच आहे. हॅलिडे नावाच्या भाषाशास्त्रज्ञाने १९८५ मध्ये हेच मांडलं होतं की बोलणं वाक्यांच्या गुंत्याने अवघड होतं आणि लेखन शब्दांच्या दाटीने. १९९९ ला बायबर आणि मंडळींनी लाँगमनचं मोठं व्याकरण काढलं, सुमारे ४ कोटी शब्दांचं खरं बोलणं आणि लिखाण तपासून, त्यातही दिसतं की बिकॉजचे, इफचे आणि थिंक, नो (know), से यांच्या नंतरचे क्लॉज गप्पांमध्ये खच्चून असतात. विचने सुरू होणारे रिलेटिव्ह क्लॉज मात्र लेखनात जास्त, आणि 'हूम' तर बोलताना जवळपास ऐकूच येत नाही.

कराडला आमचे इंग्रजीचे सर फळ्यावर चार रकाने आखायचे. क्लॉज, प्रकार, काम, कशाशी संबंध. 'द बॉय हू इज स्टँडिंग देअर' खाली लाल खडूने रेघ. त्या रकान्यांना आज माझे भाऊ हसतात पण मी कुणालाही हसू देणार नाही, कारण ओस्पॅपच्या, म्हणजे परदेशी फार्मसिस्टांना इथे काम करायला लागणाऱ्या कोर्सच्या, वर्षात पानभर लांबीची वाक्यं मी त्याच रकान्यांवर सोडवली, बरोबरचे कितीतरी जण तिथे अडायचे. सरांच्या वर्गात कमी होतं ते एवढंच की ते वाक्य तोंडाने कधी बोलायला लावलं नाही. आणि स्टँडसमोरचे फाडफाड इंग्लिशवाले क्लास नेमका उलटा गुन्हा करतात, बोलायला लावतात पण क्लॉज काढून. 'आय अ‍ॅम गोइंग. यू आर कमिंग?' हे घेऊन पोरं इथे केअर होममध्ये कामाला येतात, जीव तोडून काम करतात, आणि म्हाताऱ्यांच्या घरचे लोक म्हणतात, स्वभाव जरा तुसडा आहे. स्वभाव नाही हो, 'आय वॉज वंडरिंग इफ' त्यांना कुणी दिलंच नाही.

मग ग्रुपवर नेहमीचं येतं, तुला काय जातं तिकडे बसून. जातं ना. इथल्या स्टाफरूममध्ये मी अजून बोलण्याआधी वाक्य मनात जुळवते, लोक गप्पांमध्ये 'विच इज' करत एकमेकांच्या वाक्यांना वाक्यं चिकटवत जातात आणि माझं तयार होईपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. लेखी काम सगळे माझ्याकडे आणतात. गप्पांना मी बाजूला असते. हे मी आईलासुद्धा सांगितलेलं नाही, तिला वाटतं मी इथे राणी आहे.

आणि दुसरं त्याहून लागतं. रविवारी व्हिडिओ कॉलवर माझी मुलगी आजीला सांगत होती, "ती मुलगी. आपण तिच्या घरी गेलो. ती पडली." तिला म्हणायचं होतं, ज्या मुलीच्या घरी आपण गेलो होतो ती पडली. शब्द सगळे आहेत, 'ज्या' नाही, 'जेव्हा' नाही, 'की' सुद्धा क्वचित. आजी म्हणाली, किती छान मराठी बोलते गं, आणि मला तिथून उठून जावंसं वाटलं, कारण हे तेच आहे जे दादाला दहावीच्या पोरांच्या इंग्रजीचं करायचंय. जोडणारं काढून टाकलं की माणसं कौतुक करतात, सांभाळून घेतात आणि मग गंभीर काही बोलायचं असलं की तुमच्याशी बोलत नाहीत. माझ्या मुलीशी उद्या कराडमध्ये असं कुणी वागलं तर ते मला चालणार नाही.

तेव्हा दादा, प्रकार ओळखायचे प्रश्न कमी करायचे तर खुशाल कर, माझी हरकत नाही, पण क्लॉज ठेव आणि तोंडी परीक्षेचे २० मार्क आहेत त्यात तो बोलून घे. आणि तुझा मुलगा यंदा दहावीला आहे ना, त्याला रविवारी कॉलवर बसव. अर्धा तास मी त्याच्याकडून इफ आणि विच करून घेते, अर्धा तास तू माझ्या मुलीकडून जो-तो करून घे.