‘जमिनीवरच्या विमानाला काय भ्यायचं?’

एक मजकूर व्हॉट्सॲपवर फिरतोय. माझ्याकडे तो तीन ग्रुपांतून आला, म्हणून उत्तर लिहितोय. त्याचा सारांश असा: विमानाचा धोका फक्त हवेत. जमिनीवर इंजिन ‘न्यूट्रल’मध्ये असतं, वेग रिक्षाएवढा, पायलटला वरून सगळं दिसतं, पिवळी रेघ धरून चाललं की काही होत नाही. आणि शेवटचं वाक्य, ‘रॅम्पवर जे मरतात ते स्वतःच्या निष्काळजीपणामुळे.’ मी काही वर्षं रॅम्पवर, म्हणजे विमानं उभी राहतात त्या आवारात, काढली आहेत. ते शेवटचं वाक्य वाचून झोप लागली नाही.

आधी ‘न्यूट्रल’चं बघू. गाडीत न्यूट्रल म्हणजे इंजिन फिरतं, पण चाकांशी त्याचा संबंध तुटलेला असतो. विमानाच्या चाकांना इंजिन जोडलेलंच नसतं. ब्रेक सोडल्यावर विमान पुढे जातं ते इंजिनाने मागे फेकलेल्या हवेच्या जोरावर. म्हणजे जे आयडल, इंजिनाचं सर्वांत मंद फिरणं, तुम्ही निरुपद्रवी समजता, त्याच आयडलवर कित्येकदा अख्खं विमान टॅक्सी करत, म्हणजे जमिनीवर चालत, असतं. एअरबस ए३१९ या विमानाच्या इंजिनाच्या पंख्याचा व्यास पावणेदोन मीटरच्या आसपास, उभा माणूस मावेल एवढा. हा पंखा आयडललाही पुढून हवा ओढत असतो, आणि तोंडासमोरचे काही मीटर कुणीही पाऊल टाकू नये अशी जागा असते. शिवाय जड विमान थांबलेलं असेल तर त्याला हलवायला पायलटला थ्रॉटल थोडा पुढे न्यावा लागतो. त्या काही सेकंदांत मागे जो झोत सुटतो, त्यात इशाऱ्यासाठी ठेवलेले प्लास्टिकचे कोन उडतात, ब्रेक न लावलेली ट्रॉली चालायला लागते, रिकामा कंटेनर घसरतो. पावसाळ्यात रात्री एकदा मी त्या झोताच्या कडेला सापडलो होतो. पाणी खालून वर अंगावर येत होतं. सामानाच्या डॉलीचा दांडा धरून बसलो म्हणून राहिलो.

वेगाबद्दल फार बोलत नाही. एप्रिल २०११मध्ये न्यूयॉर्कच्या जेएफके विमानतळावर एअर फ्रान्सचं अवाढव्य ए३८० विमान टॅक्सी करत होतं. त्याच्या डाव्या पंखाचं टोक गेटसाठी थांबलेल्या छोट्या सीआरजे-७००च्या शेपटीला लागलं आणि ते छोटं विमान प्रवाशांसकट गर्रकन फिरलं. सुदैवाने कुणाला इजा झाली नाही. भरलेलं ए३८० साडेपाचशे टनांच्या वर जातं, ते छोटं विमान तीसेक टनांचं. एवढ्या वजनाला वेग लागतच नाही.

‘पायलटला सगळं दिसतं’ हे विधान सर्वांत खोटं आहे, आणि लोकांना तेच सर्वांत खरं वाटतं. मोठ्या विमानात पायलट नाकाच्या चाकाच्याही पुढे बसतो. पंख मागे झुकलेले असतात, त्यांची टोकं त्याच्या खांद्याच्या बरीच मागे आणि दूर. ए३८०च्या पंखांचा पसारा जवळजवळ ८० मीटर. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१२मध्ये स्पष्ट लिहिलं की बोइंग ७४७, ७६७, ७७७, ए३८० अशा विमानांत कॉकपिटची खिडकी उघडून डोकं बाहेर काढल्याशिवाय पंखाचं टोक दिसत नाही, आणि टोकं कुठे लागणार नाहीत ना हे पायलटला कळावं म्हणून कॅमेऱ्यासारखी साधनं बसवायची शिफारस केली. त्यानंतर बारा वर्षांनी, सप्टेंबर २०२४मध्ये, अटलांटात डेल्टाच्या ए३५०च्या पंखाने सीआरजे-९००ची शेपूट तोडून आडवी केली. त्यात वळणाची आणखी एक भानगड असते. झुकलेल्या पंखाचं विमान वळतं तेव्हा बाहेरच्या बाजूचं टोक अंदाजापेक्षा जास्त रुंद फिरतं. सरळ जाताना सुटलेली वस्तू वळताना सुटेलच असं नाही.

मग पिवळी रेघ? रेघ फक्त चाकं कुठून न्यायची ते सांगते. शेजारचं विमान पूर्ण आत गेलंय की त्याची शेपूट बाहेर लोंबतेय, हे तिला कुठून कळणार? जोहान्सबर्गला डिसेंबर २०१३मध्ये रात्री ब्रिटिश एअरवेजचं ७४७ वळण चुकून अरुंद टॅक्सीवेवर गेलं आणि त्याचा उजवा पंख एका इमारतीत घुसला. आतले चौघे किरकोळ जखमी झाले. आपल्याकडे मार्च २०२४मध्ये कोलकात्याला धावपट्टीवर जायची वाट बघत उभ्या असलेल्या एअर इंडिया एक्स्प्रेसच्या विमानाच्या पंखाला इंडिगोच्या विमानाचा पंख घासला.

आता निष्काळजीपणा. मान्य करतो, नियम मोडणारे असतात. ३१ डिसेंबर २०२२ला अमेरिकेत अलाबामातल्या माँटगोमरीला एक महिला कर्मचारी गेटवर उभ्या विमानाच्या चालू इंजिनात ओढली गेली. इंजिन चालू आहे, जवळ जाऊ नका, असं आधी सांगितलं होतं, इंजिन चालू असल्याचा इशारा देणारा लाल बीकनही सुरू होता. पण इंजिन चालू का होतं? विमानातलं एपीयू, म्हणजे उभ्या विमानाला वीज पुरवणारं छोटं इंजिन, बंद पडलं होतं, म्हणून गेटवर येऊनही मुख्य इंजिन चालू ठेवलं होतं. रोज विमान गेटला लागलं की थोड्या वेळात इंजिन थांबतं. त्या सवयीने हात कोन उचलतात, पाय चालायला लागतात. कानांवर मफ्स असतात, आजूबाजूला दुसऱ्या विमानांचा आवाज. कामगार सुरक्षेच्या सरकारी खात्याने तिथे कंपनीलाच १५,६२५ डॉलर दंड केला.

आणि मुंबई, १६ डिसेंबर २०१५. हैदराबादला निघालेलं एअर इंडियाचं ए३१९. पुशबॅक झालेला, म्हणजे ट्रॅक्टरने विमान मागे ढकलून झालेलं. अशा वेळी ट्रॅक्टरला जोडणारा टो-बार काढायचा, पायलटशी बोलायचा हेडसेट सोडवायचा, ढकलताना नाकाच्या चाकापाशी लावलेली पिन घेऊन पायलटला दिसेल अशा जागी जायचं, ती पिन दाखवून अंगठा वर करायचा, आणि मगच विमानाने हलायचं, असा क्रम असतो. एअर इंडियाचा तंत्रज्ञ नाकाच्या चाकाजवळ होता. खूण मिळाली असा सहवैमानिकाचा समज झाला, असं तेव्हा सांगण्यात आलं. विमान पुढे आलं आणि तो इंजिनात ओढला गेला. तो फिरायला आला नव्हता, वाट चुकला नव्हता. त्या मिनिटाला त्याच्या कामाने त्याला जिथे उभं केलं होतं, तिथेच तो होता. ज्यांनी हा मजकूर पुढे पाठवलाय, त्यांनी निदान ते शेवटचं वाक्य तरी काढून टाकावं.