स्टुडिओच्या टेबलाबद्दल तुम्ही दिलेल्या दोन स्टारवर आमचं उत्तर

नमस्कार भाऊ,

तुमचा अभिप्राय वाचला. टेबल तुमच्या मनासारखं झालं नाही, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. तुम्ही लिहिलं की १५ दिवस सांगून ३३ दिवस लावले, कीबोर्डचा ड्रॉवर अडकतो, खालचे सूर वाजले की टेबल झणझणतं, आणि शेवटी लिहिलं की असलं काम गावच्या सुताराला द्यायलाच नको होतं.

झणझण माझीच चूक आहे, ती आधीच कबूल करतो. मागची ६ एमएमची प्लाय मी नुसत्या बारीक खिळ्यांनी ठोकली होती, तीही कडेकडेनेच. मधला भाग मोकळा राहिला, म्हणून तो स्पीकरच्या खालच्या आवाजावर थरथरतो. तिथे आडवी पट्टी घालून स्क्रू मारायला पाहिजे होते. कपाटाला कोणी स्पीकर वाजवून पाहत नाही, आणि मी तुमच्या टेबलाची पाठ कपाटासारखी केली.

पण ३३ दिवसांचं जे लिहिलं, ते वाचून दोन रात्री झोप लागली नाही. सगळं तारखेनिशी सांगतो. माझ्या वहीत आहे आणि तुमच्या मोबाईलमध्येही आहे.

२१ जुलैला तुम्ही दुकानात आले. कीबोर्ड ६१ पट्ट्यांचा सांगितला, ३८ इंच लांब. त्याला ४० इंचांचा ड्रॉवर धरला. बाजूला तुमच्या रेकॉर्डिंगच्या मशिनींचा रॅक, त्याला १९ इंच, आणि एकेक मशीन म्हणजे एक यू म्हणजे पावणेदोन इंच उंची, हे मला तुम्हीच शिकवलं. मी ते लिहून घेतलं आणि अजून भिंतीवर चिकटवून ठेवलं आहे. ड्रॉवर ज्यावर सरकतो त्या दोन्ही चॅनेलचा एक इंच, तीन उभ्या फळ्यांचे सव्वादोन इंच, असं सगळं मिळून, थोडी जागा सोडून टेबल सव्वापाच फूट ठरलं. १५ दिवस मी त्या टेबलाचे सांगितले होते.

२८ तारखेला वरची फळी कापली. ८ बाय ४ ची शीट होती, त्यातले ६३ इंच गेले, ३३ इंच उरले. ३० तारखेला तुमचा फोन आला की आता ८८ पट्ट्यांचा घेतो आहे. भाऊ, तुमच्यासाठी तो फक्त वाजवायचा कीबोर्ड बदलला. माझ्यासाठी टेबलच बदललं. तुम्ही फोटो पाठवला तो खोक्याचा, आणि खोकं कधीही वाजवायच्या वस्तूपेक्षा मोठंच असतं. खरं माप ३ ऑगस्टला मिळालं, तुमच्या घरी कीबोर्ड आल्यावर मी स्वतः येऊन टेप लावला तेव्हा. ५२ इंच. म्हणजे ड्रॉवर ५४ चा, आणि रॅक खाली ठेवला तर थोडी जागा सोडून टेबल साडेसहा फूट. मी म्हटलं होतं की रॅक वर ठेवू, कापलेली फळी वाया जाणार नाही. तुम्ही म्हणाले, वर ठेवला तर स्पीकरच्या आड येईल, आवाज सरळ कानापर्यंत पोहोचला पाहिजे. तुमचं बरोबर होतं. पण ३३ इंचांच्या उरलेल्या तुकड्यातून ७८ इंचांची फळी निघत नाही, म्हणून दुसरी शीट आणावी लागली. तिचे पैसे तुमच्याकडून अर्धेच घेतले. ते तुम्ही लिहिलं नाही, असू द्या.

शिवाय तुमच्या खोलीचं दार अडीच फुटी. साडेसहा फुटांचं जोडलेलं टेबल तिथून वळत नाही. म्हणून पाय बोल्टचे केले, सुटे होतील असे. हे तुम्ही मागितलंही नव्हतं, दाराचं माप मीच घेतलं होतं.

आता हिशोब करा. नवीन टेबलाचे १५ दिवस मी ३ ऑगस्टपासून नाही, तुमच्या फोनपासून, ३० जुलैपासूनच मोजतो. १४ ऑगस्टला ते द्यायला पाहिजे होतं, दिलं २३ ला. म्हणजे माझा उशीर नऊ दिवसांचा आहे. तुमच्या ३३ मधून १५ गेले तर उरतात त्या अठरा दिवसांचा नाही. नऊचे अठरा लिहिले, याचंच वाईट वाटलं.

नऊ दिवसही लपवत नाही. दोन दिवस लाइन नव्हती, मशीनचा रंधा बंद. चार दिवस पॉलिशमध्ये गेले, कारण झड लागली होती, आणि अशा ओल्या हवेत मेलामाईनचं पॉलिश मारलं की त्यावर पांढरी धुंद येते. ती आली की सगळं घासून परत मारावं लागतं. तुम्हाला तेव्हाच फोन करून सांगितलं होतं, तुम्ही म्हणाले, मारून टाका, कोण पाहते. मी पाहतो भाऊ. उरलेले तीन दिवस मात्र माझे. पोळा तोंडावर होता, तान्ह्या पोळ्याचे लाकडी नंदी (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लेकरं फिरवतात ते बैल) लोकांनी जून महिन्यातच सांगून ठेवले होते, आणि माझ्या दोन कारागिरांपैकी एक धानाच्या रोवणीला गेला होता. लेकरांचा नंदी सण झाल्यावर दिला तर काही उपयोग नसतो. तुमचं टेबल थांबवलं ते यासाठी. तसं तुम्हाला आधी सांगायला पाहिजे होतं, सांगितलं नाही.

आणि २३ तारीख म्हणजे तान्हा पोळाच होता. घरच्या पोराचा नंदी त्याच्या आजोबांनी फिरवला, आणि मी छोटा हत्ती टेम्पोत टेबलासोबत बसून २२ किलोमीटर तुमच्याकडे आलो. कारण गणपतीच्या आधी तुम्हाला खंजिरी भजनाचं रेकॉर्डिंग करायचं होतं हे मला माहीत होतं. बोल्ट कसून, टेबलाला लेव्हल लावून रात्री आठला निघालो. वहिनींनी जेवून जायला म्हटलं होतं, तेव्हा कोणी नाराज दिसलं नाही.

ड्रॉवरचं थोडक्यात. तो ५४ इंच रुंद आणि १८ इंच खोल आहे. एवढा रुंद ड्रॉवर एका कोपऱ्यातून ओढला की तिरका होतो आणि चॅनेलमध्ये अडतो. म्हणूनच दोन मुठी दिल्या आहेत, दोन्ही हातांनी सरळ ओढा. चॅनेल ४५ किलोचे आहेत, वजनाने काही होत नाही. तरी येऊन पाहतो.

शेवटच्या वाक्यावर एवढंच. याच दुकानातून वडशाच्या झाडीपट्टी नाटक मंडळ्यांची सिंहासनं गेली आहेत, रात्रभर त्यावर राजे बसतात आणि सकाळी ती ट्रकमध्ये उलटीपालटी टाकतात, तरी सांधा हलला असं अजून कोणी सांगितलं नाही. तुमच्या टेबलाचे पाय आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या सागवानाचे आहेत. २०२३ मध्ये अयोध्येच्या मंदिरासाठी इथल्याच बल्लारपूरहून सागवान गेलं होतं. तसलं सागवान गावच्या हातांनीही घडतं. तुमचा अभिप्राय वाचून एका गृहस्थांनी दिवाणाची ऑर्डर थांबवली आहे. माझ्याकडे महिन्याला अशा चार-पाचच ऑर्डरी असतात, त्यावर तीन घरं चालतात.

यापुढे माप बदललं की नवीन तारीख कागदावर लिहून सही घेऊ. पावसाळ्यातल्या पॉलिशचंही काहीतरी करू. तुमची मागची प्लाय काढून जाड लावून देतो, पैसे नाही घेत. येत्या रविवारी सकाळी येतो. तोवर स्पीकरखाली जाड रबराचे तुकडे ठेवा, झणझण थोडी कमी होईल. आणि मी येण्याआधी कीबोर्ड काढून पलंगावर ठेवा, म्हणजे ड्रॉवर मोकळा करून पाहता येईल.

तुमचा,
दुकानाचा मालक