लाँचरचा गोतावळा

लिनक्स वापरणाऱ्या माणसाला चांगले चाललेले बदलून पाहण्याची खोड असते, आणि त्या खोडीपायीच मी डेस्कटॉपचा मूळ मेनू बाजूला सारून एक निराळा लाँचर बसवून घेतला. दोन कळा एकदम दाबल्या की पडद्याच्या मध्यभागी एक अरुंद पट्टी उघडते, तिच्यात प्रोग्रॅमच्या नावाची पहिली दोन-तीन अक्षरे टाईप करून एंटर दाबले की प्रोग्रॅम हजर होतो आणि पट्टी अंतर्धान पावते. इतक्या निरुपद्रवी कामातून घरात कलह आणि मनात वैराग्य उत्पन्न होईल, अशी शंका कुणालाही येऊ नये.

उपद्रव सुरू झाला तो लाँचरच्या अपडेटपासून. नवी आवृत्ती उतरली की हा लाँचर स्वतःला बंद करून पुन्हा सुरू करतो, आणि नेमक्या त्या क्षणी माझे काही उघडे प्रोग्रॅम एका शब्दाने निरोप न घेता नाहीसे होतात. सगळेच गेले असते तर एक वेळ मनाची समजूत घालता आली असती. पण गाणी वाजवणारा प्रोग्रॅम हमखास जाई, लिहिण्याचा एडिटर अर्ध्या परिच्छेदासह जाई, आज्ञा टाईप करण्याची टर्मिनलची खिडकी मात्र ढिम्म बसून राही, आणि ब्राउझरचा तर काही नेमच नव्हता. एखाद्या दिवशी तो शाबूत राही आणि एखाद्या दिवशी उघड्या टॅबांच्या सगळ्या संसारासह बुडे.

अशा वेळी निदाने फुकट मिळतात. शेजारच्यांनी रॅम वाढवायला सांगितले, कारण त्यांच्या मते संगणकाच्या प्रत्येक व्याधीवर रॅम हेच औषध आहे. पत्नीने "त्या यंत्राला जरा विश्रांती द्या, आणि स्वतःलाही," असे सांगून प्रकरण मिटवले. पुण्यात संगणकाचीच नोकरी करणारा माझा भाचा फोनवर म्हणाला, "मामा, प्रोग्रॅम आपोआप मेलाय की कुणी मारलाय, ते आधी बघ." हा पोरगा लहानपणी दिवाळीच्या फटाक्यांचाही पंचनामा करीत असे.

त्याच्या सल्ल्यात तथ्य होते. प्रोग्रॅम स्वतःच्या दोषाने कोसळला तर बहुधा मागे खुणा ठेवतो, आणि मेमरी संपल्यामुळे कर्नलने, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याने, त्याचा बळी घेतला असेल तर तशी नोंद लॉगमध्ये, म्हणजे यंत्राच्या रोजनिशीत, स्वच्छ सापडते. माझ्या लॉगमध्ये यांपैकी काहीच नव्हते. होती ती एवढीच नोंद, की लाँचरची सेवा (मागे सतत चालू राहणाऱ्या प्रोग्रॅमला सेवा म्हणतात) बंद झाली आणि तिने इतका इतका सीपीयूचा वेळ खर्च केला. त्या वेळेचा आकडा पाहून मी चष्मा पुसला. दिवसभरात मोजून काही क्षण पडद्यावर येणाऱ्या पट्टीने तासाहून अधिक काळ प्रोसेसर राबवला होता! सेवेची सद्यःस्थिती विचारली तर तिच्या नावावर साडेतीन जीबी मेमरीही लागलेली दिसली. एवढ्यात गावची निवडणूक पार पडली असती. यांनी केवळ नावे शोधली होती.

अर्थात लाँचरने ते काही खाल्ले नव्हते. त्याने जन्माला घातलेल्यांचा खर्च त्याच्या नावावर पडत होता. लिनक्स ज्यातला, त्या युनिक्सच्या घराण्यात नवी प्रोसेस, म्हणजे चालू असलेला प्रोग्रॅम, शून्यातून अवतरत नाही. आधीची एखादी प्रोसेस 'फोर्क' करून स्वतःची प्रत काढते, आणि मग ती प्रत 'एक्झेक' करून दुसऱ्याच प्रोग्रॅमचे रूप घेते. पहिलीला पालक म्हणतात, दुसरीला अपत्य, आणि पालक आधी गेला तर अपत्याला अनाथ म्हणण्याचीही तिथे रीत आहे. म्हणजे मी पट्टीत नाव टाईप करून जो एडिटर उघडत होतो, तो लाँचरचा सख्खा मुलगा होता.

पण बाप गेला म्हणून मुलाने सती जावे, असा युनिक्सचा मुळीच नियम नाही. अनाथ झालेल्याला 1 क्रमांकाची प्रोसेस दत्तक घेते, आणि 2012 साली आलेल्या लिनक्स 3.4 पासून वाटेतल्या एखाद्या वडीलधाऱ्या प्रोसेसलाही हा दत्तकविधी आपल्याकडे मागून घेता येतो. या परंपरेवर विश्वास ठेवून भाच्याने सुचवले, की प्रोग्रॅम उघडताना 'सेटसिड' ही त्याला वेगळ्या सत्रात टाकणारी आज्ञा वापर आणि दोनदा फोर्क होऊ दे. मधला बाप लगेच निवर्तला की नातवाचा आजोबांशी संबंध उरत नाही. त्याप्रमाणे केले. प्रोसेसचा वंशवृक्ष काढून पाहिला, तर एडिटर खरोखरच लाँचरच्या फांदीवरून उतरून सिस्टमडीच्या, म्हणजे यंत्रावरच्या सगळ्या सेवा चालू-बंद करणाऱ्या कारभारणीच्या, फांदीवर जाऊन बसला होता. मी समाधानाने लाँचर बंद केला आणि एडिटर पूर्वीइतक्याच शिस्तीत नाहीसा झाला.

याचे कारण असे, की आता वंशवृक्षाला कुणी विचारत नाही. 2008 च्या जानेवारीत, 2.6.24 या आवृत्तीबरोबर, कर्नलमध्ये 'सीग्रुप' नावाची, प्रोसेसचे गट पाडणारी व्यवस्था आली, आणि 2010 मध्ये अवतरलेल्या सिस्टमडीने सगळा कारभार तिच्यावरच उभारला. प्रोसेस ज्या गटात जन्मते त्याच गटात तिची पिलावळ जन्मते. कितीही वेळा फोर्क करा, कुणीही दत्तक घ्या, गट सुटत नाही. चूल वेगळी केली तरी रेशनकार्डावर नाव थोरल्या घरचेच राहावे, तसा हा प्रकार. माझा लाँचर सिस्टमडीची सेवा म्हणून चालत होता, आणि सेवा थांबवायची म्हणजे तिच्या गटातल्या प्रत्येकाला थांबवायचे, हे सिस्टमडीचे मूळ धोरण आहे. त्यातही असभ्यपणा नाही. आधी सर्वांना 15 क्रमांकाचा सिग्नल, म्हणजे 'कृपया आवरते घ्या' अशी विनंती. एरवीच्या हिशेबाने 90 सेकंदांत जो आवरणार नाही, त्यालाच 9 क्रमांकाचा, ज्यावर अपील नाही. माझा एडिटर आज्ञाधारक असल्यामुळे तो पहिल्याच विनंतीला मान देऊन निघून जात होता, आणि म्हणूनच लॉगमध्ये रक्ताचा थेंबही सांडत नव्हता.

एकदा हे कार्ड हाती आल्यावर टर्मिनलचे ढिम्मपणही उलगडले, कारण ते मी डेस्कटॉपच्याच शॉर्टकटने उघडतो आणि त्याचे नाव वेगळ्या घरी लागते. ब्राउझरची गोष्ट अधिक रंगतदार निघाली. तो एकदा चालू असला, की दुसऱ्यांदा उघडायला गेलेली प्रोसेस पत्ता चालू ब्राउझरच्या हाती देऊन स्वतः संपते. त्यामुळे दिवसभरात त्याला कितीदा, कुठून हाक मारली याला महत्त्व नसते, सकाळी पहिल्यांदा कुणी उघडला याला असते. टर्मिनलमधून उघडला तर दीर्घायुषी, लाँचरमधून उघडला तर अल्पायुषी. लाँचरमधून मेल उघडून त्यातल्या दुव्यावर क्लिक केले असेल, तर ब्राउझर लाँचरचा नातू होऊन त्याच कार्डावर चढे. ग्रहयोग पाहून ब्राउझर उघडण्याची वेळ माझ्यावर यायची तेवढी राहिली होती.

वारशाचा आणखी एक त्रास होता. टर्मिनलमधून उघडलेल्या एडिटरमध्ये मराठी व्यवस्थित उमटे. लाँचरमधून उघडलेल्या त्याच एडिटरमध्ये नुसती रोमन अक्षरे पडत. प्रोग्रॅमांना आयबस या मराठी टायपिंगच्या व्यवस्थेची वाट दाखवणारी एन्व्हायर्नमेंटची चले (व्हेरिएबल) बॅशआरसी या फाईलमध्ये लिहिलेली होती, आणि ती फाईल वाचण्याचे कष्ट टर्मिनलमधल्या आज्ञा समजून घेणारा बॅशच घेतो. लाँचरने ती कधी पाहिलेलीच नव्हती, मग त्याच्या पोरांना मराठी कुठून येणार? ती चले 'एन्व्हायर्नमेंट-डी' या फोल्डरमध्ये हलवून लॉगआउट करून पुन्हा आत आल्यावर हा भाषिक प्रश्न मिटला. महाराष्ट्रात भाषिक प्रश्न एवढ्या थोड्यात सुटल्याचे दुसरे उदाहरण निदान माझ्या पाहण्यात नाही.

मुख्य दुखण्यावर दोन उतारे होते. सेवेच्या फाईलमध्ये 'किलमोड', म्हणजे थांबवताना कुणाकुणाला थांबवायचे ते ठरवणारे कलम, 'प्रोसेस' असे लिहिले, की सिस्टमडी फक्त मुख्य प्रोसेसला थांबवते आणि बाकीच्यांना जागच्या जागी सोडते. पण असे करू नये, असे तिची मार्गदर्शिकाच सांगते, कारण सुटलेल्यांचा मग कुणी वाली राहत नाही. दुसरा उतारा म्हणजे प्रत्येक प्रोग्रॅम 'सिस्टमडी-रन'च्या मदतीने स्वतःच्या 'स्कोप'मध्ये, म्हणजे स्वतंत्र गटात उघडणे. नोम आणि प्लाझ्मा ही मोठी डेस्कटॉप घराणी आपापल्या मेनूतून उघडलेल्या प्रोग्रॅमांसाठी हेच करतात. लहान लाँचरांचे लेखक ते टाळतात, कारण सिस्टमडी नसलेल्या यंत्रांवरही त्यांना आपला लाँचर चालवायचा असतो, आणि ही सबब मला मान्य आहे. सिस्टमडी नकोच, असे म्हणणाऱ्यांचा एक पंथच आहे; 2016 मध्ये तिच्या 230 व्या आवृत्तीने लॉगआउट होताच वापरकर्त्याच्या सर्व प्रोसेस मारण्याचे धोरण मूळपदी बसवले, तेव्हा रात्रभर चालणारी कामे मागे ठेवून घरी जाणाऱ्यांनी जो गदारोळ केला, तो मला त्या काळी अतिरेकी वाटला होता.

मी स्कोपचा मार्ग धरला. लाँचरची मेमरी साडेतीन जीबीवरून काही एमबींवर आली, आणि पुढच्या अपडेटला एडिटर, गाणी आणि ब्राउझर जागचे हलले नाहीत. फक्त प्रोसेसच्या यादीत काही नावांपुढे 'डिफंक्ट' असे दिसू लागले. या झाँबी प्रोसेस. स्कोपमध्ये गट वेगळा झाला तरी बाप लाँचरच राहतो, आणि मुलगा संपला की त्याचा शेवटचा निकाल विचारून नाव यादीतून कमी करण्याचे काम बापाचे असते. माझा लाँचर ते करीत नाही. झाँबीला 9 क्रमांकाचा सिग्नल देऊनही उपयोग नसतो, कारण मेलेल्याला मारता येत नाही. भाच्याला विचारले, तर तो म्हणाला, "त्या जागा खात नाहीत, मामा, दुर्लक्ष कर. नाहीतर लाँचर बंद करून परत चालू कर. सिस्टमडी दत्तक घेऊन सगळं उरकून टाकेल." म्हणून आता मी दर शनिवारी लाँचर स्वतःच्या हाताने बंद करतो, आणि त्याआधी एडिटरमधले लिखाण सेव्ह करतो.