श्रींच्या कृपेने ठिपके

फोंड्याकडच्या आमच्या गावात जत्रा म्हटली की गावातल्याच लोकांनी बसवलेलं मराठी नाटक आलं, नाटक आलं की फ्लेक्स आला, आणि फ्लेक्स म्हणजे मी, कारण कोरल ड्रॉ हे डिझाइनचं सॉफ्टवेअर येणारा आणि पैसे न मागणारा दुसरा कोणी गावात नाही. यंदा पोरांना रेट्रो लुक हवा होता, ठिपक्याठिपक्यांचा फॉन्ट, नथिंग कंपनीच्या फोनवर असतो तसला.

मला पण हा प्रकार आवडतो हां. मुळात ती मजबुरी होती. १९८० च्या एप्सन एमएक्स-८० प्रिंटरला ९ पिना, त्या रिबिनीवर आपटायच्या आणि कागदावर ठिपक्यांचं अक्षर उठायचं. छोट्या डिस्प्लेत तर ५ बाय ७, म्हणजे ३५ ठिपक्यांत इंग्रजीची एकेक कॅपिटल आरामात बसते. आता त्याची फॅशन झालीय. पार्टीचं पोस्टर, तिकीट, एखादा मोठ्ठा आकडा, झकास दिसतं.

पण ठिपक्यांच्या ७ ओळींत 'श्रींच्या कृपेने' बसवून दाखवा बघू! वरच्या २ ओळी वेलांटी-अनुस्वाराला, १ शिरोरेषेला, खालच्या २ कृपेच्या कृला, मग उरलेल्या २ ओळींत श्र कसा काढायचा ते श्रींनाच माहीत. डाउनलोड केलेल्या फॉन्टात देवनागरी नव्हतीच, टाइप केलं की कंप्युटर गुपचूप आपला नेहमीचा फॉन्ट लावून मोकळा. शेवटी १६ ओळींची जाळी आखली आणि एकेक गोल ठेवत बसलो. शिरोरेषा ठिपक्यांची केली तर लग्नमंडपाची माळ वाटते, सलग केली तर पोरं म्हणतात रेट्रो कुठाय. ठिपके लांब ठेवले तर अक्षर फुटतं, जवळ ठेवले तर रस्त्यावरून साधं जाड अक्षरच दिसतं, मग एवढी मेहनत कुणासाठी?

त्यात खजिनदार काका. "देणगीदारांची नावं पण ह्यातच घाल."

"काका, बारीक अक्षरात ठिपके एकमेकांना चिकटतात, काहीच वाचता येत नाही."

"मग फ्लेक्स मोठा कर."

अध्यक्षांनी डिझाइन बघितलं, "बरें दिसता" म्हणाले, आणि विचारलं, "पण हे पळत का नाहीत? बसवर पळतात ते!"

आता फ्लेक्सवर काय पळणार! म्हणून भाड्याने एलईडी बोर्ड आणला, पी१० पॅनेलचा. एका पॅनेलमध्ये ३२ बाय १६ दिवे, दोन दिव्यांत १० मिलिमीटर अंतर. माझी अक्षरं १६ ओळींचीच, त्यामुळे बरोब्बर बसली. पण अशी सुसाट पळाली की म्हाताऱ्या माणसांना काही कळेना. स्पीड कमी केला तर देणगीदारांची यादी संपेपर्यंत नाटकाचा पहिला अंक संपतो.

खजिनदार काका म्हणाले, "चालेल, आपलं नाव येईपर्यंत कोण उठून जात नाही."