चादरीवरचं थिएटर आणि आठ मुलांचा मुक्काम

गेल्या शनिवारी लेक ९ वर्षांची झाली आणि आमच्या नाशिकच्या सिडकोतल्या वन बीएचकेत आठ मुलं मुक्कामाला होती. सगळा मिळून खर्च १,८६० रुपये. फोटो टाकल्यापासून बऱ्याच जणी विचारतायत, "एवढ्याशा घरात कसं जमवलंस?" म्हणून सविस्तर लिहितेय. आणि मनात साचलेलं थोडं आहे, तेही बोलायचंय.

गेल्या वर्षीचा वाढदिवस आम्ही हॉल घेऊन केला होता. पॅकेजच होतं. दोन तास, फुग्यांची कमान, गेम घेणारा दादा, ठरलेलं जेवण. २२ हजार गेले. नवरा अंबडला कंपनीत आहे, आमच्या घरात ही रक्कम कुठून कुठून काढावी लागते ते आम्हालाच माहीत. दोन तास संपले तसे तिथल्या माणसाने दिवे चालू-बंद करायला सुरुवात केली, कारण पुढची पार्टी दारात उभी होती. लेकीच्या हातात केकची प्लेट तशीच. रिक्षात बसल्यावर ती हळूच म्हणाली, "आई, मी कुणाशी बोललेच नाही गं." ते वाक्य वर्षभर माझ्या डोक्यातून गेलं नाही.

यंदा तिच्या दोनच मागण्या होत्या. थीम सिनेमाची हवी, आणि सगळ्यांनी रात्री राहायचं. सिनेमाची थीम म्हटली की लोक एखादं कार्टून धरतात आणि त्याच्या छापील प्लेटा, छापील टोप्या, छापील बॅनर घेऊन येतात. मला हे मनापासून पटत नाही. त्या सामानात मुलांना करण्यासारखं काही नसतं. पाच मिनिटं बघायचं आणि दुसऱ्या दिवशी घंटागाडीत टाकायचं. मी लेकीला म्हटलं, आपण घराचंच थिएटर करू या. आधी ती थोडी हिरमुसली. पण कोपऱ्यावरच्या दुकानातून फ्रिजचा रिकामा खोका आणला, त्याला खिडकी कापली आणि वर "तिकीट विक्री" लिहिलं, तेव्हापासून ती त्या खोक्यातून बाहेर येईना. चार दिवस शाळेतून आली की खोक्यात. तिकिटं तिनेच बनवली, नंबर टाकून. सोफा म्हणजे बाल्कनी, खालच्या सतरंज्या म्हणजे स्टॉल. तिकिटाचा दर एक कोडं किंवा एक गाणं. माझ्या सासूबाई डोअरकीपर. हातात टॉर्च घेऊन त्यांनी एकेकाला जागेवर नेऊन बसवलं, तेही इतक्या गंभीरपणे की मुलं चिडीचूप.

पडद्याचं सांगते, कारण तिथेच बहुतेकांचं फसतं. साधी पातळ चादर लावली तर उजेड आरपार जातो आणि चित्र फिकं पडतं. जाड पांढरी डबलबेडची चादर घ्या, नाहीतर दुहेरी करा. इस्त्री हवीच, प्रत्येक घडी पडद्यावर दिसते. वर रॉडला कपड्यांचे चिमटे, आणि खालच्या काठात दोन लाटणी गुंडाळून टाचण्या मारल्या की चादर ताठ राहते. प्रोजेक्टर दिराच्या क्लासमधून एका रात्रीपुरता आणला. प्रोजेक्टर नसेल तर खंत करू नका. टीव्हीच्या दोन्ही बाजूंना जुन्या साडीचे पडदे लावा आणि दोरीने उघडा, मुलांना तेवढं पुरतं.

चादर लावायला मी मुलांनाच धरलं. दोघं स्टुलावर, दोघं खाली. धरून धरून हात दुखायला लागले तशी मी त्यांना सरस्वतीबाई फाळक्यांची गोष्ट सांगितली. दादासाहेब फाळके शूटिंग करायचे तेव्हा उजेड परतवायला त्या भर उन्हात पांढरी चादर धरून उभ्या राहायच्या, शिवाय सगळ्या युनिटचा स्वयंपाक करायच्या. फाळके म्हटल्यावर एक जण ओरडला, "पांडवलेण्यांजवळचे!" मुलांना स्मारक माहीत असतं, माणूस माहीत नसतो. त्र्यंबकेश्वरला १८७० साली जन्मलेला, आपल्या नाशकात फिल्म कंपनी चालवलेला, इथेच १९४४ साली वारलेला हा माणूस. आपण नाशिककरांनी सिनेमाची थीम करायची आणि त्यांचं नावही काढायचं नाही, हे मला चालणार नव्हतं.

म्हणून मुख्य सिनेमाच्या आधी त्यांचाच १९१९ चा 'कालिया मर्दन' थोडा दाखवला. त्यात कृष्ण झालीय फाळक्यांची मुलगी मंदाकिनी, तेव्हा सात वर्षांची. सुरुवातीला ती नुसते चेहऱ्यावरचे भाव करून दाखवते. राग, हसू, रडू. आमची आठच्या आठ मुलं पडद्याकडे बघून तशीच तोंडं करायला लागली. कुणी शिकवलं नाही, सांगितलं नाही. मूकपट, म्हणजे आवाज नाही. त्या काळी थिएटरात बसून वाजवायचे, हे सांगितल्यावर स्वयंपाकघरातून डबे, चमचे, परात, सगळं बाहेर आलं. सासूबाईंनी देवघरातली टाळ दिली. कृष्णाने डोहात उडी मारली तेव्हा जो गोंधळ झाला, त्याने खालच्या मजल्यावरचे काका वर आले. आणि तेही परात घेऊन बसले! दहा मिनिटं दाखवायचं ठरलं होतं, पोरांनी तीनदा लावायला लावलं.

नंतरचा सिनेमा आताचा, मुलांचा. एवढंच सांगते की निवडताना सेन्सॉरच्या दाखल्यावर यूए ७+, यूए १३+ असं काय लिहिलंय ते बघा, आणि नाव ठरलं की प्रत्येकाच्या आईला कळवा. आपल्या घरात चालतं ते दुसऱ्याच्या घरात चालेलच असं नाही.

खाण्याचं फार वाढवलं नाही. पावभाजी ७५०, घरी केलेल्या केकचं सामान ४००, मक्याचे दाणे आणि लोणी ११०, कार्डशीट, क्रेप कागद, गोंद १८०, दूध आणि सकाळच्या मिसळीचं ४२०. लाह्या काचेच्या झाकणाखाली फोडल्या, म्हणजे तोही एक खेळ झाला. रिटर्न गिफ्ट नाही. आपापलं तिकीट घरी न्यायचं.

आता मनातलं. पैशांपेक्षा अवघड होतं ते आई-वडिलांना फोन करणं. अकरा घरी केले, तिघांनी नाही म्हटलं. मला त्यांचा राग नाही. दिवस असे आहेत की मीही दहादा विचार केला असता. म्हणून त्यांनी न विचारताच मी सगळं सांगितलं. त्या रात्री घरात कोण असेल, बाहेरचा कुणी मुक्कामी नसेल, मुलांच्या खोलीत मी आणि सासूबाई झोपणार, दार उघडं राहणार, रात्री कितीही वाजता फोन करा. एक बाई म्हणाल्या, "पाच वर्षं एका वर्गात आहेत, पण तुमचं घर मी पाहिलेलंच नाही." हे ऐकून वाईट वाटलं. आम्ही लहानपणी निफाडला मामाकडे गेलो की कोण कुणाच्या गच्चीवर झोपलंय ते सकाळीच कळायचं. स्लंबर पार्टी हे नाव नवीन असेल, मुक्काम आपलाच आहे. तो आपण सोडला आणि त्याच्या जागी दोन तासांचे हॉल आले. मुलांना एकमेकांची खरी ओळख अंथरुणात होते, दिवा मालवल्यावर. दुसरीकडे कुठेही ती होत नाही, असं माझं ठाम मत आहे.

रात्री दीड वाजता एक मुलगा उठून बसला. रडत नव्हता, नुसता उशीचा अभ्रा मुठीत धरून बसला होता. थंडी मरणाची. मी विचारलं, "आईला फोन लावू?" मान हलवली, नको. मग म्हणाला, "काकू, ही गोधडी कुणाची?" सासूबाई जाग्याच होत्या. त्यांनी त्याला जवळ घेतलं आणि अंधारातच गोधडीवर त्याचं बोट फिरवत सांगायला लागल्या. हा तुकडा माझ्या लुगड्याचा, हा आजोबांच्या सदऱ्याचा, हा तुझ्या मैत्रिणीच्या बारशाच्या झबल्याचा. चौथ्या की पाचव्या तुकड्याला तो झोपला. पण बाजूच्या दोघी जाग्या होत्या, त्या म्हणाल्या, "आजी, पुढचे सांगा ना."

सकाळी आठला त्याची आई घ्यायला आली तर हा मिसळीत दही कालवत बसलेला, उठायला तयार नाही. त्याही मग बसल्या, चहा घेतला. परवा त्यांचा फोन आला. "या शनिवारी सगळ्यांना आमच्याकडे पाठवाल का? पावभाजी नको म्हणतायत, खिचडी करते."

आज संध्याकाळी सहाला सोडायचंय. लेकीने उशी, दात घासायचा ब्रश आणि टॉर्च भरलाय. आणि सासूबाईंना विचारून ती गोधडीही.