मध्ये एक काटकी होती

सकाळी एसटी स्टँडसमोरच्या टपरीवर चहा घेत होतो. शेजारच्या तालुक्यात डुकराच्या पारधीत छर्रा लागून माणूस गेला, त्याचीच चर्चा. बाकावरचा एक पोरगा म्हणाला, "नशीब हो, दुसरं काय. आणि छर्रे कशाला मारायचे? जड गोळी घातली असती तर झाडी कापत सरळ गेली असती." चारजणांनी माना डोलावल्या. मी चहा अर्धा टाकून उठलो. डोकं अजून तापलेलंय, म्हणून लिहितोय.

झाडी कापत सरळ! कोयता आहे काय तो?

मी सातवीत होतो. आमच्या अण्णांकडे, म्हणजे बाबांच्या थोरल्या चुलतभावाकडे, शेतीसंरक्षणाच्या परवान्याची बारा बोअर होती. (परवाना बंदुकीचा होता, डुकराचा नव्हे. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा तेव्हा आमच्या वाडीत कोणाच्या गावीही नव्हता.) भात पोटरीला आलेलं, आणि डुकरांनी दोन रात्रींत अख्खा कोपरा लोळवलेला. तिन्हीसांजेला व्हाळापलीकडे किंजळीच्या रोपट्यांत काहीतरी हललं, घुरघुरलं. अण्णांनी बार काढला. डुक्कर कारवीतून पळालं, आणि पलीकडून शेजारच्या तात्यांची आरोळी आली.

तात्या मांगरात असायला हवे होते. ते फणसाला टेकून तंबाखू मळत बसलेले. गोळी त्यांच्या कानापासून वीतभरावर खोडात घुसली होती.

अण्णा एकच वाक्य बोलत राहिले, "मी तिकडे मारलीच नाही रे." आणि ते खरं होतं! दुसऱ्या दिवशी उजाडताच त्यांनी सुतळी आणली. उभे होते तिथून किंजळीच्या तुटलेल्या फांदीपर्यंत ताणली, आणि तशीच सरळ पुढे नेली. सुतळी फणसाच्या दोन हात उजवीकडून गेली. फांदीपासून फणस तीसेक पावलांवर. फांदी केवढी? माझ्या अंगठ्याएवढी. तिला एका बाजूने अर्धगोल चावा घेतल्यासारखी खाच, आणि खाचेत शिशाचा करडा लेप. गोळी मधोमध नव्हे, कडेला घासून गेली होती. बस, तेवढं पुरलं.

आता ते जड गोळीचं. बारा बोअर म्हणजे काय? नळीच्या मापाच्या बारा शिशाच्या गोळ्या मिळून एक पौंड. म्हणजे एकेक साधारण 38 ग्रॅमची. याहून जड काय घालणार आहात, नारळ? अमेरिकेत हरणाच्या शिकारीतही हीच अंधश्रद्धा आहे. 1873 सालचं .45-70 चं काडतूस, जड आणि संथ, म्हणे झाडीतून आरपार. अशा बंदुकांना तिथे 'ब्रश गन' म्हणतात. लोकांनी लाकडी दांड्यांच्या रांगा उभ्या करून त्यांतून गोळ्या झाडून पाहिल्या. वळतात. सगळ्या वळतात. रायफलची गोळी तर भोवऱ्यासारखी फिरत जाते. काटकीला कडेने लागली की डगमगते आणि आडवी होऊन आदळते. हलकी, वेगवान गोळी कधी फुटूनच जाते.

बरं, मान्य, जड गोळी थोडी कमी वळते. आणि काटकी डुकराच्या अंगाला चिकटून असेल तर फरक पडत नाही. पण काटकी अलीकडे आणि जनावर लांब असेल, तर गोळी फक्त एक अंश वळली तरी तीस मीटरवर अर्धा मीटर बाजूला जाते. अर्ध्या मीटरमध्ये एक माणूस बसतो हो.

आणि आपलं रान कसलं? करवंदीची जाळी, घाणेरी, कारवी, बांबूचं बेट. त्यात तिन्हीसांज. जिथे जनावरच नीट दिसत नाही तिथे मधली काटकी काय दिसणार? तरी बार काढायचा, आणि मग नशिबावर ढकलायचं. नशीब कसलं, चाप कोणाच्या बोटाखाली होता?

डुकरं भात ठेवत नाहीत, वनखात्याच्या परवानगीला चपला झिजतात, हे सगळं ठाऊक आहे मला. माझीही खलाटी आहे. यंदा सुरण एक उरला नाही.

त्या पोराला एवढं बोलायला नको होतं कदाचित. उठताना जरा जोरातच बोललो. लहान आहे, आणि त्याला अण्णा कुठे दिसले होते? त्या रात्री ते जेवले नाहीत. ओटीवर बसून स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत होते. त्यानंतर बंदूक फक्त पुसण्यापुरती निघायची. राखणीला डबा बडवायचे, फटाके लावायचे.

तात्या मात्र सुधारले नाहीत. दर मे महिन्यात त्याच झाडाचा एक फणस खांद्यावर घेऊन यायचे आणि अंगणातूनच ओरडायचे, "अण्णा, गरे गोड आहेत हो, पण शिसं बघून खा!"

अण्णा हसायचे नाहीत. पण फणस ठेवून घ्यायचे.

ती फांदी अजून आमच्या माळ्यावर वाशात खोचलेली आहे. दुपारी काढून आणली. उद्या टपरीवर नेतो.