म्हणे, उत्तरं पाठ कर!

हॅम रेडिओच्या (हौशी लोकांच्या बिनतारी संपर्काच्या) वरच्या श्रेणीच्या परवान्याचा अभ्यास करतोय म्हटलं की ठरलेला सल्ला येतोच: "प्रश्नसंच मिळव, उत्तरं घोक, मोकळा हो." डोकं फिरतं माझं!

अरे, १०० ओहमचा अँटेना ५० ओहमच्या फीडलाइनला (रेडिओपासून अँटेनाकडे जाणाऱ्या केबलला) पाव तरंगलांबीच्या केबलने जुळतो, तो कशामुळे? मधल्या केबलचे ओहम या दोन्हींच्या गुणाकाराच्या वर्गमूळाइतके लागतात: गुणाकार ५०००, वर्गमूळ साधारण ७१, म्हणून ७५ ओहमची कोॲक्स (समाक्ष केबल) चालते. एकदा कागदावर सोडवलं की विसरणं शक्य नाही. आणि ती कापायची किती? १४.२ मेगाहर्ट्झला हवेतली पाव तरंगलांबी सुमारे ५.३ मीटर. पण घन पॉलिथिलीनच्या कोॲक्समध्ये लहरीचा वेग प्रकाशाच्या ०.६६ पटच, म्हणजे तुकडा साडेतीन मीटरचा. "पर्याय क" घोकलेला माणूस बिनदिक्कत ५.३ मीटर कापणार, आणि मग एसडब्ल्यूआर (जुळणी किती बिघडलीय ते सांगणारा आकडा) का उतरत नाही म्हणून दिवसभर डोकं धरून बसणार.

स्मिथ चार्टबद्दल (जुळणीची गणितं आकृतीवर सोडवायच्या गोल तक्त्याबद्दल) तर काय काय ऐकावं लागतं! इतकं देखणं साधन, एका वर्तुळात अख्खी फीडलाइन दिसते, आणि म्हणे "ते सोडून दे, एखादाच प्रश्न येतो."

ॲम्प्लिफायर मर्यादेपलीकडे रेटला की इंटरमॉड्युलेशन (सिग्नल एकमेकांत मिसळून नको त्या फ्रिक्वेन्सी तयार होणं) वाढतं, शेजारच्या फ्रिक्वेन्सींवर स्प्लॅटर, म्हणजे नको असलेला गोंगाट, पसरतो, आणि क्षीण सिग्नलसाठी कान लावून बसलेल्यांची सगळी रात्र वाया जाते. हे न समजता वरच्या परवान्याची जास्त पॉवर हवीच कशाला? लागू दे मला वेळ. पण घोकंपट्टीचा सल्ला आता पुरे!